धातू नसलेली ताटली

"आज संध्याकाळी येईन ती डॉक्टर होऊनच!" चपला घालता घालता पॅलेडियमताईनं जाहीर केलं.

"सात वर्षं हेच ऐकतेय, बाई," पेपरातून डोकं वर न काढता सासूबाई म्हणाल्या.

पॅलेडियमताई हे नाव प्रयोगशाळेतल्या टवाळांनी ठेवलेलं. तिचं काम सांगायला सोपं होतं. जिवंत पेशींमध्ये एक कुलूपबंद रंग सोडायचा. पॅलेडियम धातूचा कण ही त्याची किल्ली. कण आत पोहोचला की कुलूप उघडतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्यागार चमकतात! फक्त सूक्ष्मदर्शक अख्ख्या इमारतीत एकच, आणि हिच्या वाट्याला आठवड्यातून एक तास. पेशींच्या काचेच्या ताटल्या दोन: एकीत रंग आणि धातू, दुसरीत तुलनेसाठी नुसता रंग. त्यात मार्गदर्शक सरांचा हुकूम होता, "धातू नसलेल्या ताटलीत बघायचंय काय? अंधार, असं लिहायचं आणि पुढे जायचं!" मग त्या ताटलीला दहा सेकंद आणि धातूवालीला उरलेला सगळा तास.

परीक्षक आले. पदवीच्या कागदावर सही त्यांचीच लागणार होती. सर दारात फोनवर बोलत होते.

"सर, आधी धातू नसलेली ताटली बघा," ताई परीक्षकांना म्हणाली. "काळोख दिसेल."

परीक्षकांनी डोळा लावला आणि लावल्या लावल्या त्यांना आपलं तरुणपण आठवलं! "आमच्या वेळी दिवा कुठला, बरं का, आरसा फिरवत बसायचं..." डोळा तिथेच, तोंड सुरूच. दहा मिनिटं झाली. सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याचा निळा झोत आपला पेशींवर पडतोच आहे!

"अरे वा! काय चमकतंय!"

सर फोन खिशात कोंबत धावले. "चमकणारच! सात वर्षांची मेहनत आहे आमची!"

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

ताटलीवरची चिठ्ठी ताईनं तीनदा वाचली. धातू नाही. म्हणजे कुलूप पॅलेडियमनं उघडतच नव्हतं, झोताखाली तास तासभर ठेवल्यानं आपोआप तुटत होतं! गप्प बसलं तर सही होणार होती. तिला गप्प बसावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तोंडानं दगा दिला.

"सर, ही धातू नसलेली आहे."

"म्हणजे?" परीक्षकांनी विचारलं.

"म्हणजे जास्त वेळ बघितलं की चमकतंय. धातूचा काही संबंध नाही."

टोपण परत लागलं.

"दोन्ही ताटल्या सारखाच वेळ बघायच्या, एवढंही कळू नये?" सर कडाडले. "सात वर्षं केलंस काय तू?" 'आमची' मेहनत मिनिटाभरात तिची एकटीची झाली होती! दहा सेकंदांचा हुकूम कुणाचा, हे विचारायला ताईची जीभ शिवशिवली. विचारलं नाही. प्रयोग नव्यानं करण्यात आणखी दोन वर्षं याच माणसाच्या हाताखाली काढायची होती. संतापानं तिचे डोळे भरून आले.

निघता निघता परीक्षक पुन्हा एकदा वाकले. "दिसतं मात्र सुंदर, हं!"

"हो ना, सर," ताई म्हणाली. "इथे बघत बसलं की काहीही चमकतं."