दुर्गम नसल्याचा दाखला

प्रफुल बोरकुटे हे चौदा वर्षांचा अनुभव असलेले सॉफ्टवेअर डेव्हलपर. वडील मुखरूभाऊ अर्धांगवायूने खाटेला खिळले, म्हणून पुण्याची नोकरी सोडून ते गडचिरोलीतल्या मार्कंड्याजवळच्या आपल्या गावी परतले. घरी बसून करता येईल अशी नोकरी मिळाली, तरच त्यांना बापाजवळ राहता येणार होते.

एका कंपनीने त्यांना सहा फेऱ्यांत उलटेसुलटे तपासून पसंत केले. पत्ता ऐकल्यावर मात्र निवड करणाऱ्या मॅडम गंभीर झाल्या.

"काम शंभर टक्के रिमोट आहे," त्या म्हणाल्या, "पण तुमचं गाव जरा जास्तच रिमोट वाटतंय."

"मॅडम, मी आत्ता याच गावातून बोलतोय."

"हो, आवाज अगदी स्पष्ट येतोय. पण ते धोरणात बसत नाही. गाव दुर्गम नसल्याचा सरकारी दाखला पाठवा."

गावच्या सरकारी कार्यालयाला कुलूप होते. तिथले देवानंद बाबू नागपुरात राहून फोनवर गावाचा कारभार सांभाळत.

"प्रफुलभाऊ, दुर्गम असल्याचा दाखला आत्ता व्हॉट्सॲपवर टाकतो," बाबू म्हणाले. "पण नसल्याचा देला तं आमचा दुर्गम भत्ता जाईन ना! मास्तरायचा जाईन, नर्सबाईचा जाईन. आमच्या पोटावर काऊन पाय देता?"

"पण तुमी तं गावात राहतच नाई!"

"दुर्गम हाये म्हणूनच तं नाई राहत!"

प्रफुल यांना संताप आला, पण तो कुठे सादर करावा हे कळेना. गावात एक रिमोट नोकरी होती आणि तिच्यावर बाबूंची नेमणूक आधीच झाली होती.

शेवटी त्यांनी पुण्यात खोली घेतली. कंपनीचे पूर्ण समाधान झाले. आता ते दिवसभर दार लावून एकटेच काम करतात. कचेरीत जायचा प्रश्न येत नाही, कारण कंपनीला कचेरीच नाही. संध्याकाळी गावी राहिलेली त्यांची बायको कुंता सासऱ्यासमोर फोन धरते.

"तुही कंपनी कुठी हाये रे?" मुखरूभाऊ जड जिभेने विचारतात.

"कुठीच नाई, बाबा."

"मंग तू तिथी काऊन हायेस?"



पुण्यातल्या त्या खोलीचे मालक, वाचकहो, तुम्हीच. करार करताना 'गडचिरोली' वाचून तुम्ही दचकला होतात. "बाप रे! तिकडे माणसं राहतात?"

"राहत होती," प्रफुल म्हणाले.

तुम्ही मनमोकळे हसलात, आणि आगाऊ भाडे एका महिन्याचे जास्त मागितलेत.