म्हाताऱ्या उंदरांची पंगत

सन दोन हजार बावीस, मे महिना. नागपूरचं ऊन त्या वर्षी असं, की महाल भागातली कुत्री सावली सरकली तरी जागा बदलायला उठत नव्हती! अशा उन्हात प्रेमिलाबाईंनी सुनेला छातीठोकपणे सांगितलं, "सावनेरले मी पाच-पाचशे पानांच्या पंगती उठवल्या. बारा उंदरांचं काय घेऊन बसली वं? तू जाय बिनधास्त!"

सून मिनल डॉक्टरेटसाठी म्हाताऱ्या उंदरांवर संशोधन करत होती. कॉलेजातल्या प्राणीघराचा एसी जळाला, म्हणून तिच्या गाइड अरुंधती मॅडमच्या परवानगीनं उंदरांचे दोन पिंजरे घरी आले. घरात एसी एकच, मुलानं खास आईच्या खोलीत बसवलेला. तेव्हा उंदीर एसीत आणि सासू बाहेर कूलरपुढे! पण प्रेमिलाबाईंनी हूं की चूं केलं नाही. पाहुणा तो पाहुणा.

समोरचे महादेवराव लगेच उंदीर पाहायला आले. रिटायर झाल्यापासून गल्लीला गुळवेलीचा काढा पाजायचं त्यांनी व्रतच घेतलं होतं. करोनात गल्ली वाचली ती आपल्या काढ्यानं, असं ते सांगत. त्या काढ्याच्या धाकानंच लोक दार उघडत नव्हते, हे मात्र त्यांनी कधी लक्षात घेतलं नाही.

"काय करून राहिली वं पोरी यायच्यावर?"

"काका, अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. शिपाईच समजा. त्यांच्यावर एक रिसेप्टर असतो, कानासारखा. म्हातारपणी त्या कानात सारखं 'गप बसा, गप बसा' येत राहतं आणि शिपाई झोपतात. औषधानं तो कान बंद केला तर ते उठतात का, एवढंच पाहायचं आहे."

"म्हणजे म्हातारपणी ऐकणं बंद केलं का तब्येत सुधरते?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"मग वहिनी, तुमची शंभरी पक्की!" महादेवराव म्हणाले.

मिनलनं डाव्या पिंजऱ्याला औषधाची बाटली लावली, उजव्याला तुलनेसाठी साध्या पाण्याची. जाताना सासूचा हात धरून म्हणाली, "आई, दिवाळीआधी प्रबंध दिला नाही तर माझी सगळी वर्षं वाया जातील. यांना जपा."

जपा म्हटल्यावर प्रेमिलाबाई जपणारच! त्या दोन्ही पिंजऱ्यांपुढे पाट घेऊन बसल्या आणि त्यांच्या कपाळाची शीर उडाली. डावीकडच्यांना औषध आणि उजवीकडच्यांना नुसतं पाणी? एकाच खोलीत, एकाच पंगतीत? तरुणपणी दिराच्या लग्नात वरपक्षाला जिलबी आणि वाजंत्र्यांना कोरडं वरण पाहून त्या सासऱ्यांशी भांडल्या होत्या. तेव्हा अंगावरची हळदही उतरली नव्हती! आता स्वतःच्या घरात पंक्तिप्रपंच?

"शिकली सवरली पोरगी, पण वाढायचं वळण नाही," त्या पुटपुटल्या. दोन्ही बाटल्या पातेल्यात ओतल्या, डावानं ढवळल्या आणि पुन्हा निम्म्या-निम्म्या भरल्या. मिनल रोज सकाळी बाटल्या भरून जायची. ती जिना उतरली की पातेलं निघालंच!

असे काही दिवस सुखाचे गेले. मग महादेवराव म्हणाले, "वहिनी, डावे-उजवे सारखेच सुस्त दिसून राहिले. औषध पातळ झालं असन. थोडा काढा देऊ का?"

"द्या, पण दोघायलेही सारखा!"

त्यांनी काढा ओतला आणि नेमक्या त्याच दुपारी, कॉलेजातला एसी दुरुस्त झाला म्हणून, मिनल मॅडमना घेऊन उंदीर न्यायला आली. मॅडमनी चष्मा पुसला. बाटल्या हिरव्या!

"मिनल, हे काय आहे?"

"काढा आहे, मॅडम!" महादेवराव उत्साहानं म्हणाले. "आणि चिंता नका करू. औषधही वहिनीनं पहिल्या दिवसापासून दोघायले सारखंच वाढलं. दुजाभाव नाही!"

मिनलनं हिरवी बाटली काढून हुंगली आणि तिला रडूच फुटलं.

"रडतं काहून वं?" प्रेमिलाबाई घाबरल्या. "बाराच तर उंदीर! दुसरे आणू!"

"आई, उंदीर मिळतात. म्हातारे उंदीर मिळत नाहीत. लहान आणून म्हातारे करावे लागतात. दोन वर्षं लागतात!"

संध्याकाळी प्रेमिलाबाई स्वतः रिक्षा करून मॅडमच्या घरी गेल्या. तिथे काय बोलल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मिनलला मुदतवाढ मिळाली.

पुढे काय झालं? त्या बारा उंदरांनी उरलेले दिवस पेन्शनीत काढले. महादेवरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं; ते यशस्वी झालं ते काढ्यामुळं, असं ते डॉक्टरांनाही सांगतात. प्राणीघराच्या दारावर 'नातेवाइकांनी आत येऊ नये' अशी पाटी लागली. आणि मिनलनं उंदरांची पिल्लं आणून ती म्हातारी व्हायची वाट पाहिली. पिल्लांसोबत घरातले सगळेच दोन वर्षांनी म्हातारे झाले. कान बंद केलेल्या उंदरांचे शिपाई मात्र खरोखर उठले. सगळे नाही, पण बरेच!

डॉक्टरेटच्या जेवणावळीत प्रेमिलाबाई स्वतः वाढत होत्या. सगळ्यांच्या पानात एकेक पुरणपोळी, मिनलच्या पानात हळूच तीन. "वहिनी!" महादेवराव ओरडले. "हा पंक्तिप्रपंच नाही का?"

प्रेमिलाबाईंनी ऐकलंच नाही. म्हातारपणी कोणता कान केव्हा बंद करायचा, ते त्यांना आता नीट कळलं होतं.