मागं न बघणारे सुभेदार

आमचे हे रस्त्यानं चालताना मागं बघत नसत. मागून बैल उधळून आला असता तरी बघितलं नसतं. फौजेत तसंच शिकवलं होतं म्हणे. "सामने देख!" एवढी एक गोष्ट त्यांनी पेन्शनीबरोबर घरी आणली आणि सगळ्यांना लावली. मुलगा स्वतःचं ताट सोडून भावाच्या ताटात बघायला लागला, की सामने देख. धार काढताना म्हशीनं मान फिरवली, की सामने देख. म्हैस ऐकायची. मुलगा ऐकत नसे.

त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आता या वयात कशाला घेऊ? गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. खरं तर ते हवालदार म्हणून घरी आले होते. गावानं बढती दिली आणि यांनी ती गपचूप घेतली.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. बायकोनं नवऱ्याच्या मागून चालायचं, अशी तेव्हाची रीत. बाकीच्या बायका दोन पावलं मागं असायच्या. मी पार मागं, कारण यांची चाल पलटणीची. बाजाराला जाताना यांची पाठ आणि टोपी एवढंच मी वर्षानुवर्षं बघितलं. तोंड घरी पोचल्यावर दिसायचं. त्यातही फार बघण्यासारखं काही नव्हतं.

चालताना बोलायचे मात्र, न वळता. एकदा कराडच्या बाजारात मी कासाराकडं बांगड्या भरायला बसले. यांना पत्ता नाही. हे आपले पुढं निघाले आणि यांच्या मागं भलतीच बाई. हे म्हणाले, "सांजच्याला भाकरी नगं. आमटी-भात टाक."

ती म्हणाली, "टाकते की. पर माझा मालक काय म्हणंल?"

ही हकीकत त्या बाईनंच हसत हसत सगळ्या बाजाराला सांगितली. थोड्या वेळानं हे कासाराच्या दुकानावरून टोपी हातात घेऊन पळत गेले, तसेच परत आले, पुन्हा गेले. शेवटी मीच हाक मारली. मला वाटलं, आता रागावणार. पण धापा टाकत एवढंच म्हणाले, "चल. एस.टी. सुटंल."

पुढं आठवड्याभरात हे हातोडी घेऊन बसले आणि माझ्या चपलांच्या टाचांना लोखंडी नाल ठोकले. म्हणाले, "फौजी बुटाला असत्यात. चप्पल झिजत न्हाई." तेव्हापासून मी चालले की खट् खट् व्हायचं. शेजारची शिंप्याची कमळा ओट्यावरून ओरडायची, "आवं, बाजूला व्हा, सुभेदारांची घोडी आली!"

मी म्हणायची, "जवळ ये, लाथ बी बसंल."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. गावच्या तरुण मंडळानं सव्वीस जानेवारीला जोडप्यांची शर्यत काढली. मारुतीच्या देवळापासून शाळेच्या फाटकापर्यंत. पोरांचं म्हणणं, नवरा-बायकोनं हात धरून पळायचं. देवळातली म्हातारी माणसं चवताळली, "गावात पोरीबाळी हायत!" शेवटी ठरलं, हात धरायचा नाही, पण दोघंही रेघेपलीकडं गेली तरच जिंकली. बक्षीस पंपाचा स्टोव्ह.

तो स्टोव्ह मला पाहिजे होता. चुलीपुढं फुंकून फुंकून माझे डोळे कायम लाल असायचे. दागिना मी कधी मागितला नाही, पण दुकानात त्या स्टोव्हची पितळी टाकी बघितल्यापासून मला दुसरं काही सुचेना. यांना म्हणाले, "आवं, आपलं नाव घाला."

"बायामाणसांनी पळायचं व्हय?"

"मग म्हशीला घिऊन पळा. ती ऐकती तुमचं."

नाव घातलं.

शर्यतीला चार-पाच जोड्या होत्या. मी कासोटा आवळला, पदर दातांत धरला आणि ऐन वेळी चपला काढून देवळाच्या पायरीवर ठेवल्या. खडीवर नाल घसरतात. हे पुढं उभे, सामने देख. त्यांना काय दिसणार?

हलगी कडाडली आणि आम्ही सुटलो. हे पुढं, मी यांच्या पाठोपाठ. उसाच्या रानात पाणी पाजणारी बाई मी, मला दम लागायला काय झालं? चावडी ओलांडेपर्यंत बाकीच्या जोड्या मागं राहिल्या. हलगीही लांब राहिली. फाटक दिसलं. चुन्याची रेघ दिसली. रेघेपलीकडं टेबलावर स्टोव्ह चमकताना दिसला.

आणि यांनी मान तिरकी केली. काहीतरी ऐकत असल्यासारखी. चाल ढिली पडली. मला ओरडायचं होतं, पळा की! पण पदर दातांत. तेवढ्यात हे जागच्या जागी थांबले आणि सगळ्या गावादेखत मागं वळले. मला कुठलं थांबता येतंय? जाऊन थेट छातीवर आदळले. दोघंही धुळीत.

यांनी माझं तोंड बघितलं नाही. आधी पाय बघितले.

"चपला कुठं हायत?"

"देवळापाशी."

"कुणाला इचारून काढल्या?"

"आवं, उठा! रेघ हाय म्होरं!"

"ते ऱ्हाऊ दे. काढल्या कशाला?"

एवढ्यात शंकर शिंपी आणि कमळा डुलत डुलत आमच्या बाजूनं गेली. कमळा जाता जाता म्हणाली, "बसा बसा. घाई न्हाई." तिनं रेघ ओलांडली. माझा स्टोव्ह गेला.

पोरं ओरडत होती, "सुभेदार, सामने देख!"

चपला घ्यायला आम्ही देवळाकडं परत निघालो. हे पुढं, मी मागं अनवाणी, आणि माझं तोंड चालू. जन्मात कधी मागं बघितलं नाही, आजच कुठली हौस आली? मागनं काय म्हैस येत होती? पायरीपाशी हे थांबले, टोपीवरची धूळ झटकली आणि मारुतीकडं बघत म्हणाले, "आवाज येईना. वाटलं, ऱ्हायली कुठंतरी."

इतके दिवस मी समजत होते, चपला झिजू नयेत म्हणून नाल ठोकलेत.

यांनी पायानं चपला माझ्याकडं सरकवल्या. "घाल." आणि चालायला लागले. सामने देख.

मी चपला घातल्या आणि घरापर्यंत टाचा आपटत गेले. ओट्यावरच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "स्टोव्ह गेला म्हणून लय तापलीया."

तापले तर होतेच. पण तेवढ्यासाठी कोण नाल झिजवतं!