तायडे डॉक्टरांच्या गाडीचं दार

आमचे शेजारी तायडे डॉक्टर गाडीलासुद्धा 'आ कर' म्हणतात.

कपाळावर दिवा बांधायचा, हातात तो लांब दांडीचा चिमुकला आरसा घ्यायचा, गाडीचं दार उघडून कुलपाच्या खाचेत डोकावायचं आणि म्हणायचं, "हं, आ कर. आखीन मोठा. घाबरू नोको." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, खुर्चीतून पळालेला एखादा पेशंट शेडमध्ये लपलाय आणि डॉक्टरांनी त्याला तिथेच गाठलाय.

डॉक्टर खामगावातले नावाजलेले दातांचे डॉक्टर. हात इतका हलका की दाढ निघाल्यावर माणूस विचारतो, "कधी काढता?" दवाखान्याच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिच्यात ही गाडी. विलायती, दोन सिटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे पंगतीला पाटावर बसायचं. गावातली एक बंद पडलेली कापसाची जिनिंग पाडायला काढली तेव्हा तिथल्या आवारात ही गंजत उभी होती. डॉक्टरांनी ती भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवून आणली. गल्लीला वाटलं, आता डॉक्टर गॉगल लावून शेगाव रोडला दिसणार.

कसलं काय! वर्षं गेली, इंजिन शेडच्या कोपऱ्यात जुन्या टायरवर बसून आहे. त्याच्या आडोशाला मांजर दरवर्षी बाळंतीण होते. रंगाचे पोपडे निघालेत, कुठे लाल, कुठे राखाडी. आणि डॉक्टर काय करताहेत? तर काच वरखाली करायची मूठ. समोरच्या कप्प्याची कडी. हॉर्नचं बटण. सगळं इवलंइवलं, चिमटीत मावेल असं.

"डॉक्टर, इंजिन कधी बसवता?"

"बसवू ना भाऊ. कुठी पळून चाललं ते? आधी हे दार होऊ द्या."

हे दार म्हणजे डाव्या बाजूचं, शेजारी बसणाऱ्याचं. ते उघडत होतं, लागत होतं, माझ्या मते त्याला काही धाड भरली नव्हती. पण डॉक्टरांना त्याचा आवाज पसंत नव्हता. "खट् करते हे. खट् नाही पाह्यजे, टक् पाह्यजे. खट् आन् टक् मंदी जमीन-अस्मानचा फरक हाय, भाऊ."

नवा दात बसवला की डॉक्टर आपल्याला एक निळा कागद चावायला देतात. निळा ठिपका जिथे उमटेल तिथे दात जास्त लागतोय, तिथे घासायचं. तोच कागद त्यांनी दाराच्या खटक्यात ठेवला. दार लावलं, उघडलं, भिंगातून ठिपका पाहिला. दातांच्या मशीनने फिर्रर करून केसाएवढं लोखंड घासलं. पुन्हा कागद, पुन्हा दार, डोळे मिटून ऐकणं, मान हलवणं, पुन्हा फिर्रर. मी गेलो होतो थट्टा करायला. पण त्या बोटांची ती पूजा पाहून माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. डॉक्टर वर न बघता म्हणाले, "बंद करा भाऊ. आज तुमचा नंबर नाही."

आणि असा हा काटेकोर माणूस रंगाच्या बाबतीत मात्र पार आंधळा! काच फिरवायच्या मुठीचा गोळा फुटला होता. डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूच्या गोळ्याचा साचा घेतला, कवळीचा घेतात तसाच, आणि नेहमीप्रमाणे अकोल्याच्या लॅबमध्ये पाठवला. लॅबवाल्यांनी सवयीने तो कवळीच्याच मसाल्यात घडवला. आला तो गोळा हिरड्यांसारखा गुलाबी! दाराच्या काळ्या अस्तरावर तो असा दिसायचा की आता हसेल की काय. मी पोट धरून हसलो. डॉक्टरांनी डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला आणि खूश होऊन म्हणाले, "गोलाई बराबर हाय. रंगाले काय चाटाचं हाय?"

पुढे दाराचा आवाज ते मोबाइलवर रेकॉर्ड करून पेशंटना ऐकवू लागले. तोंडात कापूस, नळी, डॉक्टरांची दोन बोटं; आणि वर प्रश्न, "कसा वाट्टे आवाज? खरं सांगजा." पेशंट बिचारा म्हणे, "आँ." डॉक्टर म्हणत, "मलेही तसंच वाट्टे. अजून थोडं घासा लागीन."

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांची घाई वाढली. "बुद्धपौर्णिमेले येऊन राह्यलं माणूस. त्यानं आवाज पास केला पाह्यजे. नाही केला तं एवढ्या वर्षांची मेहनत पान्यात." डॉक्टर जेवणावरून उठून शेडमध्ये जायचे. मी समजलो, मुंबई-पुण्याचा कुणी जुन्या गाड्यांचा जाणकार येणार.

पौर्णिमेला मी इस्त्रीचा शर्ट घालून डॉक्टरांबरोबर स्टँडवर हजर झालो. पिंपळगाव राजाच्या एसटीतून जाणकार उतरला. पांढरं लुगडं, हातात पांढरी काठी. डॉक्टरांची थोरली बहीण. काचबिंदूने तिची नजर गेली त्याला बरीच वर्षं झालेली.

गुलाबी गोळा माझ्या डोळ्यांपुढे आला आणि माझं मलाच लाजल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी तिला हाताला धरून शेडमध्ये आणलं आणि डाव्या सीटवर बसवलं. तिची बोटं सगळीकडे फिरू लागली. कडी, बटण, मूठ. गोळ्यावर थांबली, तो तिने फिरवून पाहिला. "हे तं शेठची गाडी हाय बे, बाबू!"

मग माझ्याकडे तोंड करून सांगू लागली, "जिनिंगमंदी रुई उडे ना भाऊ, ते या गाडीवर बसे. ते पुसाचं काम माह्यं. आत बसाचं नाही, असं बजावलं होतं. संध्याकाळी शेठ डायवरच्या बाजूले बसे, दार लागे, टक्. ते वाजलं का आमची सुट्टी. आन् हा फाटकाबाहेर बसून राहे, माह्या वाटेकडं कान लावून."

म्हणजे तो आवाज डॉक्टरांना इतका नेमका कसा ठाऊक, ते आता कळलं. तो वाजल्यावर बहीण बाहेर यायची.

"लाव ना दार," डॉक्टर म्हणाले. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मांडीवर दोन्ही हात दाबून ते उभे होते, खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखे.

ताईने दार ओढलं.

टक्.

तिने ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. टक्. मग तिचा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडे पाहिलं.

"हेच," ती म्हणाली. "आता चालव बरं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यातल्या इंजिनाकडे पाहिलं. मग मी बाह्या सरसावल्या, समोरच्या वाण्याला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी ती स्पोर्ट्स कार मागून ढकलत गल्लीत काढली. डॉक्टर स्टिअरिंगवर, ताई शेजारी, पदर वाऱ्यावर, हॉर्नच्या बटणावर बोट. हॉर्न वाजत होता! पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन वळेपर्यंत माझ्या छातीचा भाता फुटायची वेळ आली.

"बाबू," ताई गंभीरपणे म्हणाली, "इंजिन लय दमलं वाट्टे. त्याले थंडं पानी पाज. आन् दुसरंही कण्हून राह्यलं."

शेडपाशी गाडी थांबली. ताई आपली आपण उतरली, चाचपून दार धरलं आणि हलकेच लावलं. टक्.

साठीला टेकलेले डॉक्टर गाडीला वळसा घालून धावतच आले आणि त्यांनी तिचं बोट धरलं.

"झाली सुट्टी," ताई म्हणाली. "चाल बाबू, घरी."