गुणाजीचं चार पद्धतींचं गाठोडं

एका जंगलात, बाळांनो, गुणाजी नावाच्या माकडाचं दुकान होतं. कुणी काहीही घेऊन यावं, गुणाजी ते दाबायचा, आवळून इवलंसं गाठोडं करायचा आणि वेलीने बांधून द्यायचा. वेलीचं टोक ओढलं की गाठोडं सुटायचं. शेंबड्या पिल्लालाही जमायचं.

पण एवढ्यावर समाधान मानेल तो गुणाजी कसला! "एकच पद्धत? लोक हसतील," असं म्हणून त्याने कोळ्याकडून जाळ्याची पद्धत घेतली, सुगरणीकडून विणीची आणि अजगराकडून विळख्याची. दारावर पाटी लागली: 'सर्व पद्धतींनी आवळून मिळेल.'

त्याच जंगलात एक धनेश पक्षी राहायचा. त्याची बायको पिल्लू घेऊन झाडाच्या ढोलीत बसलेली. धनेशांचा रिवाजच तसा. ढोलीचं तोंड मातीने लिंपायचं, चोच जाईल एवढी फट ठेवायची, आणि नवऱ्याने बाहेरून भरवायचं. धनेश उंबरं गळ्यात भरून आणायचा आणि एकेक करून आत द्यायचा. खेपा घालून बिचाऱ्याचे पंख भरून यायचे.

पाटी वाचून तो हरखला. टोपलीभर उंबरं घेऊन दुकानात गेला.

"कोणत्या पद्धतीने?" गुणाजीने विचारलं.

"सगळ्यात भारी कोणती?"

"चारही. एकावर एक."

गाठोडं सुपारीएवढं झालं. धनेशने ते ऐटीत फटीतून आत सरकवलं.

आतून बराच वेळ चोचीची टकटक ऐकू आली. मग बायको म्हणाली, "अहो, हे सुटत नाही. पिल्लू सकाळपासून उपाशी आहे."

धनेश तसाच उडत दुकानात आला. "गुणाजी, हे सोडवायचं कसं?"

"सोडवायचं?" गुणाजी चकित झाला. "ते अजून आलं नाही, धनेशराव. मागणी आवळायलाच होती. सोडवणं पुढच्या पावसाळ्यात बघू."

धनेश परतला तेव्हा पिल्लाचं रडणं दूरवर ऐकू येत होतं.

"तुमच्या गळ्याला काय झालंय?" बायको कडाडली. "रोज आणता तसं आणा की!"

धनेश ओशाळला. उंबराकडे सुटला, गळ्यात उंबरं भरून परत आला आणि एकेक उंबर आत दिलं. पिल्लू गप्प झालं. मला तर त्या बाईचे पाय धरावेसे वाटतात.

धनेशच्या मागोमाग आलेला गुणाजी झाडाखालून हे सगळं टक लावून बघत होता. दुसऱ्या दिवशी पाटीवर नवी ओळ आली: 'आमच्याकडे आता गळ्याचीही पद्धत!'

दुकानापुढे ही लांबलचक रांग लागली. रांगेत पहिला धनेश होता.

तात्पर्य: गाठोडं सुटतं का, हे विचारणारे ढोलीत बसून असतात. पाटी वाचणारे रांगेत असतात. म्हणून, बाळांनो, शहाण्याने गाठी सोडवत बसू नये, पाटी रंगवावी.