कंसाबाहेरचं वासरू

डिप्टी साहेब उद्या शाळा तपासायला येणार हे कळल्यापासून ज्योतीराम मास्तर एका जागी बसले नव्हते. बसले तरी लगेच उठत होते, आणि उठल्यावर आपण कशासाठी उठलो ते आठवायला पुन्हा बसत होते. दुपारच्या सुट्टीत घरी आले तेव्हा त्यांचा हा उठबशीचा कार्यक्रम पाहून इंदुताईंनी त्यांच्या हातात अडकित्ता दिला. मास्तर सुपारी खात नसत. पण हाताला काम मिळालं.

"किती खेपा घालाल?" इंदुताई म्हणाल्या. "कालच सारवलंय. पोपडे निघतील."

"उद्या तपासणी आहे."

"ते ठाऊक आहे. मला एवढंच सांगा, भांडी बांधायची की नाहीत? सुतळी संपलीय म्हणून विचारते."

हा टोमणा नव्हता, अनुभव होता. कोल्हापूरकडून निघालेल्या या जोडप्याची बिऱ्हाडं इतकी बदलली होती, की इंदुताईंनी परसात लावलेल्या अळूच्या वड्या आजवर नेहमी पुढच्या मास्तरीणबाईंनीच खाल्ल्या होत्या. इथेही मोरीच्या पाण्यावर अळू चांगलं तरारलं होतं, आणि नेमकी त्याचीच इंदुताईंना धास्ती वाटत होती.

चाकण आणि निघोजे यांच्या मधल्या कुरणवाडीच्या शाळेत सातवीचा वर्ग तात्पुरता होता. साहेबांचा शेरा चांगला पडला तर वर्ग कायम, आणि वर्गाबरोबर मास्तरही. नाही पडला तर पोरांनी चाकणपर्यंत पाय तुडवायचे आणि मास्तरांनी डोंगरातली एखादी चौथीची शाळा धरायची. वर्ग वाडीलाही हवा होता. सातवी झालेल्याला पिंपरीच्या नव्या कारखान्यात घेतात अशी बोलवा होती. कारखान्याच्या अजून भिंती उठत होत्या, पण बोलवा छपरापर्यंत गेली होती.

अडचण होती समवायाची. साहेबांचा समवायावर फार जीव. समवाय म्हणजे प्रत्येक विषय पोरांच्या रोजच्या जगण्याला बांधून शिकवायचा. इतिहास चरख्याला बांधून झाला होता, भूगोल वाफ्यांना. बीजगणित कशाला बांधायचं ते वरून कुणी कळवलं नव्हतं, आणि साहेब उद्या नेमकं बीजगणितच ऐकणार होते.

दुपारी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: २(ब + ग) = २ब + २ग.

"या समान राशी. दिसायला वेगळ्या, पण किंमत एकच. मग ब आणि ग काही का असेनात."

वर्गात शांतता पसरली. ही समजल्याची शांतता नव्हे, हे मास्तरांना सरावानं कळत होतं.

बाळाजीचा चिमाजी उठला. "गुरुजी, काही का आसंना म्हंजी?"

"म्हणजे कितीही."

"कितीही म्हंजी किती?"

मास्तरांना अडकित्त्याची आठवण झाली. त्यांनी खिडकीबाहेर नजर टाकली. बाहेर बाळाजी आणि गेनबा या चुलतभावांचे दोन गोठे एकमेकांकडे पाठ करून उभे होते. दोन्हींत दोन-दोन बैल, एक-एक गाय. मास्तरांना तिथे समवाय दिसला.

"हे बघ. ब म्हणजे गोठ्यातले बैल, ग म्हणजे गाई. तुझ्या गोठ्यात जेवढे, तेवढेच गेनबाच्या अंबूच्या गोठ्यात. म्हणून कंस केला आणि बाहेर दोन लिहिले. आता समजा, सगळे बैल एका गोठ्यात नेले आणि सगळ्या गाई दुसऱ्यात. जनावरं वाढली?"

"न्हाई."

"घटली?"

"कुणी चोरली न्हाईत तर न्हाई."

अख्खा वर्ग हलला. मागच्या बाकावरच्या पोरांनीसुद्धा माना डोलावल्या. अंबू ही वर्गातली एकुलती एक मुलगी. तिनं विचारलं, "गुरुजी, बैल कंच्या गोठ्यात न्यायचं?"

"कुठल्याही. काही फरक पडत नाही." मास्तर इतके मोहरले होते की घंटा वाजता वाजता म्हणाले, "नुसतं घोकू नका. घरी करून पाहा."

त्यांना म्हणायचं होतं, पाटीवर.

चरायला गेलेली जनावरं दिवेलागणीला घरी आणून बांधणं हे वाडीत पोरांचंच काम. बाळाजी आणि गेनबा भाड्याच्या मोटारीनं चाकणच्या बाजारात कांदा घालून अजून परतले नव्हते, बाया चुलीपाशी होत्या. धार सकाळीच निघायची; संध्याकाळी वासरू गाईला पाजणं चिमाजीकडे असे. चिमाजी आणि अंबूनं गुरुजींची आज्ञा तंतोतंत पाळली. चार बैल बाळाजीच्या गोठ्यात, दोन गाई गेनबाच्या. कुणी ओरडलं नाही, कारण कुणी पाहिलं नाही.

फक्त बाळाजीच्या ओसरीला बांधलेलं वासरू हंबरू लागलं. राशीत वासरू नव्हतं, त्यामुळे ते कुणी हलवलं नव्हतं. बाळाजीच्या बायकोनं, सरुबाईनं, त्याला दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. वासरू हंबरतच राहिलं. ते ऐकत मास्तर अंथरुणावर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले, आणि ते इतकं का ओरडतंय याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

सकाळी गेनबा औताला बैल सोडायला गेला तर दावणीला दोन गाई. बैल चोरणारे चोर त्याला ठाऊक होते. बैलांच्या बदली गाय ठेवून जाणारा चोर त्यानं पाहिला नव्हता. त्याच्या मागोमाग आलेल्या त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं, मात्र दुसराच हिशेब केला. त्यांची स्वतःची गाय भाकड, आणि शेजारी तर दुभती उभी. दारी आलेल्या लक्ष्मीला परत लावू नये, म्हणून ती चरवी घेऊन बसली. गाईनं पान्हा चोरला आणि वर चरवीला लाथ घातली.

तिकडे बाळाजी आपल्या गोठ्यात चार बैल पाहून हबकला. भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला अशी भरभराट सोसत नाही.

"गेन्या," तो बांधावरून म्हणाला, "मला चोर ठरवायला तुजं बैल माज्या दावणीला बांधलंस व्हय?"

"आन् तुजी गाय माज्याकडं कशी? ती काय सोयरीक बगाया आली?"

"गाय न्हेली ती न्हेली," सरुबाई म्हणाली, "वासरू तरी न्ह्यायचं. रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

"तुजी गाय लाथाडी हाय," सगुणाबाई म्हणाली. "वळण न्हाई लावलं."

"दूध काडाया बसलीवतीस म्हंजी."

यावर सगुणाबाईनं पदर सावरला. तेवढ्यात चिमाजीनं खुलासा केला. "गुरुजी म्हणले, काई फरक पडत न्हाई."

मग चुलतभावांचं कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं, आणि पुराव्याची जनावरं घेऊन सगळे शाळेकडे निघाले.

डिप्टी रंगराव साहेब चाकणहून सायकलवर येऊन नुकतेच खुर्चीत बसले होते. त्यांच्यापुढे कोरा चहा होता. मास्तरांकडे दूध सरुबाईच्या घरून येई. साहेब कपाकडे पाहत होते, मास्तर साहेबांकडे, आणि इंदुताई रस्त्याकडे. रस्त्यानं दूध आलं, पण गाईसकट.

"सायेब," बाळाजी म्हणाला, "ह्या मास्तरानं आमची जनावरं हिकडची तिकडं केली."

साहेबांनी चष्मा काढला. "मास्तर, हे खरं?"

मास्तरांच्या डोळ्यांपुढून डोंगरातली शाळा सरकून गेली. "साहेब, मी पाटीवर करायला..."

"पाटीवर तर सगळेच करतात." साहेबांनी फळा पाहिला, गोठ्यांकडे पाहिलं आणि हळूहळू खुर्चीतून उठले. "म्हणजे मुलांनी ही राशी प्रत्यक्ष गोठ्यात सोडवली? मग दोन्ही बाजू समान आल्या का?"

"न्हाई," गेनबा म्हणाला.

"कशाच्या समान?" सरुबाई म्हणाली. "एकीकडं निस्तं शेण, एकीकडं दूध."

मास्तरांनी डस्टर उजव्या हातातून डाव्यात घेतलं आणि पुन्हा उजव्यात. एवढ्यात अंबू न विचारता फळ्यापाशी गेली. तिनं दोन्ही बाजूंना लिहिलं: + व.

"जनावरं समानच हायेत, सायेब. वासरू कंसात न्हवतं, म्हून आमी त्येला सोडलं. ते बी धरायला पायजे हुतं, दोनी बाजूला."

साहेब फळ्याकडे पाहत राहिले. तिकडे ओसरीला वासरानं दावं तोडलं होतं. ते धावत येऊन शाळेच्या अंगणात गाईला भिडलं, तिला पान्हा फुटला, आणि सरुबाईनं तिथेच शाळेच्या पायरीशी बसून इंदुताईंच्या पातेल्यात चार धारा मारल्या. साहेबांना दुधाचा चहा मिळाला. तो त्यांनी उभ्यानंच घेतला आणि कप खाली ठेवायच्या आत शेरा सांगून टाकला.

संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा इंदुताई परसात होत्या.

"वर्ग कायम झाला," मास्तर म्हणाले.

इंदुताईंनी अळूच्या एका पानावरून हात फिरवला. "आणि तुम्ही?"

"मला बढती. साहेब म्हणाले, असा समवाय त्यांनी जिल्ह्यात पाहिला नाही. आता मी तालुकाभर फिरून इतर मास्तरांना शिकवायचं. या शाळेवर दुसरा माणूस येईल."

"म्हणजे बदली."

"बदली नव्हे. बढती."

"बिऱ्हाड हलवायचं?"

"हो."

"भांडी बांधायची?"

"बांधावी लागतील."

"मग तुमच्या फळ्यावर त्या दोन आडव्या रेघा असतात ना, त्या बदली आणि बढतीच्या मध्ये घाला." इंदुताईंनी विळी आणली आणि अळूचं पान न् पान कापायला सुरुवात केली. "ह्या खेपेला वड्या खाऊनच निघायचं. पुढच्या बाईंनी आपलं आपण लावावं."

मास्तर आत आले. बसले, उठले, पुन्हा बसले. मग अडकित्ता शोधू लागले. तो इंदुताईंनी सकाळीच बांधून ठेवला होता.