मास्तरांची न संपणारी पोथी

दिगंबर मास्तरांसमोर चुकूनही ‘बरं’ म्हणू नये. मी एकदा म्हणाले. ज्वारीचा डबा गिरणीवर ठेवून ते म्हणाले, बारीक दळा; मी म्हणाले, बरं. झालं! निघालेले मास्तर परत फिरले. “ह्ये बरं होकाराचं, का कटकट मिटावी म्हणून?” मागं दळणाची रांग, वर पट्टा फडफडून राहिला, अन् हे माझं ‘बरं’ चाळून बघताहेत.

नायगावात माझी पिठाची गिरणी, भिंतीला भिंत लावून मास्तरांचं घर. काकू गेल्यापासून एकटेच. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं अन् जन्मभर एकच जुनी कादंबरी वाचली. त्यांच्या मते त्या कादंबरीत सून, सासू, नवरा हे सगळे नावाला. खरा कारभार ‘बरं’ या शब्दाचा. सासूचं बरं म्हणजे धमकी. नवऱ्याचं बरं म्हणजे त्यानं ऐकलेलंच नाही. सुनेच्या बापाचं बरं म्हणजे हरलेला माणूस. आणि सुनेचं? ते म्हणे शेवटी सांगणार.

हे त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण यंदा श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचणाऱ्या महाराजांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मास्तर म्हणाले, मी वाचतो. लाल फडक्यात गुंडाळून पुस्तक आणलं, नारळ फुटला, पोथी लागली. आम्ही बाया हात जोडून बसलो. सासूनं सुनेच्या अंगावर तांब्या फेकला तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की ही देवाची पोथी नव्हे. तोवर सगळ्यांनाच गोडी लागली होती. आमच्यातली सगळ्यात म्हातारी गंगामाय. तिनं निकाल देऊन टाकला, “नारळ फुटला ना? मंग पोथीच हाय. आता अर्ध्यात सोडता येत न्हाई.”

श्रावण सरला, गणपती गेले, दसरा झाला. पोथी काही संपेना. सुनेनं माहेरी जायला पिशवी उचलली, की मास्तरांचं बोट वर. “थांबा. इथं बरं आलंय.” बसली सून उंबऱ्यात पिशवी घेऊन! ती जाते का राहते, या घोरात मी एकदा मिरचीच्या चक्कीत कुणाचे तरी गहू ओतले. ते कुटुंब आठ दिवस तिखट पोळ्या खात होतं.

शेवटी मी भडकलेच. देवळातून येताना मास्तरांना गाठलं अन् म्हणाले, काहून छळून राहिले आम्हाला, करा की एकदाची समाप्ती.

मास्तर ओशाळले. त्यांचा मुलगा सतीश लातूरला असतो. इथलं घर बंद करून कायमचं तिकडं या, म्हणून रोज फोन करतो. मास्तर त्याला कबूल करून बसले होते, पोथी संपली की येतो.

“पोरगं गुणाचं हाय,” ते म्हणाले. “सून बी जीव लावती. पण दोघं दिवसभर कामाला. तिथं मला ‘पुढं काय झालं’ म्हणून कोण इचारणार?”

दुसऱ्या दिवसापासून मी देवळात घाई केली नाही.

दिवाळीला सतीश गाडी घेऊनच आला अन् देवळात मागं येऊन बसला. एकच पान उरलं होतं, मास्तर तरी किती ताणणार? त्यांनी वाचलं. नवरा माहेरच्या दारात येऊन ‘चल घरी’ म्हणतो, सून ‘बरं’ म्हणते. संपलं.

आम्ही सगळ्या बोट वर जायची वाट बघत होतो. गेलंच नाही. इतके दिवस राखून ठेवलेला अर्थ तसाच गिळून मास्तर लाल फडकं शोधायला लागले.

मला बघवेना. समाप्तीचा नारळ समोरच ठेवला होता. उचलला अन् पायरीवर हाणला.

“सुनेचं बरं तुम्ही सांगितलंच न्हाई,” मी म्हणाले. “मला काही कळलं न्हाई. पहिल्यापासून लावा.”

गंगामाय माळ ओढत म्हणाली, “नारळ फुटला. पोथी लागली.”

सतीशनं हातातली गाडीची किल्ली दोनदा फिरवली. बापाकडं बघितलं. मास्तर पहिलं पान उघडून चष्मा पुसत होते, पुसतच होते.

“बरं,” सतीश म्हणाला अन् किल्ली खिशात टाकली.

हे बरं कोणतं, ते मास्तरांनी विचारलं नाही.